तर्करायरांचा वाद

आमच्या कुंभकोणमला एके काळी नाटकाचं परीक्षण छापून येण्याआधी कावेरीत बुडवून काढलेलं असे. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. मी गणिताचा माणूस, अलंकार मला झेपत नाहीत. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे मित्र अण्णा कंबरभर पाण्यात उभे राहायचे, एक वाक्य मोठ्याने म्हणायचे, बुडी मारायचे आणि वर येऊन तेच वाक्य सुधारून पुन्हा म्हणायचे. बुडीनंतर जे आठवलं ते छापायच्या लायकीचं, बाकीचं कावेरीला अर्पण. असं करत करत अर्ध्या तासात परीक्षण तयार होई. मग ते ओल्या पंच्यानिशी घरी जाऊन घडाघडा लिहून काढत आणि मोकळे होत.

घाटावर त्या वेळेला जी गर्दी होई ती पर्वणीलाही होत नसेल. ज्यांना थंड पाणी सोसत नव्हतं तेही नेमाने स्नानाला येऊ लागले. नाटकवाल्यांनी पाठवलेला एखादा तबलजी टॉवेल खांद्यावर टाकून उगाच पायरीवर घुटमळत असे. अण्णा ज्या साप्ताहिकात लिहीत त्याचे संपादक एकदा काकुळतीला येऊन म्हणाले, "रायर, तुमचं परीक्षण गाव आंघोळीबरोबर फुकट नेतं. मग माझा पेपर घेणार कोण?"

अण्णा म्हणाले, "ज्यांच्या घरी विहीर आहे ते."

गावात त्यांना तर्करायर म्हणत. आम्हा मराठी लोकांना तिकडे तमिळ माणसं रायरच म्हणतात. तंजावरच्या राजांबरोबर आमचे पूर्वज आले, राज्य खालसा झालं, दरबार गेला, आणि आमची घरं कॉलेजात, कचेरीत, पोस्टात पांगली. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की तमिळ. ती आतली मराठीही अशी जुनी की मी दोन वर्षं पुण्याला शिकायला होतो तेव्हा माझ्या खाणावळीतले लोक मला बोलतं करून हसायचे. आता मी ही जी लिहितो आहे ती त्या हसण्याने सरळ केलेली मराठी आहे. अण्णांना पुण्याची गरज पडली नाही, त्यामुळे त्यांची मराठी शेवटपर्यंत धड राहिली.

'तर्क' हे नाव मात्र त्यांनी कमावलेलं होतं. कावेरीकाठच्या आमच्या कॉलेजात ते तर्कशास्त्र शिकवत आणि शेजारच्या वर्गात मी गणित. वर्गात, घरात, बाजारात, कुठेही त्यांच्याशी वाद घालून कोणी जिंकल्याचं ऐकिवात नव्हतं. पानवाल्याने पानं ताजी आहेत म्हटलं की हे विचारत, "हे तू पाहून बोलतोस का विकायचं म्हणून बोलतोस?" पानवाला दोन पानं जास्त देऊन सुटका करून घेई. ओळखीच्या लग्नात नवरीची आई रडू लागली तेव्हा हे माझ्या कानात म्हणाले, "पहिलें रडणें उत्तम. दुसरें थोडें लांबलें." मरुदानल्लूरला भजनाच्या उत्सवाला वहिनी मोठ्या भक्तिभावाने ह्यांना घेऊन गेल्या. परतीच्या बैलगाडीत ह्यांनी टाळकऱ्यांना शंभरपैकी गुण द्यायला सुरुवात केली. वहिनींनी त्यांच्याशी पुढे दोन एकादश्या अबोला धरला. एक मात्र आहे, वहिनींच्या आमटीला त्यांनी कधी गुण दिले नाहीत. तेवढा व्यवहार त्यांना कळत होता.

तर असा माणूस सरकारी कॉलेजातली कायमची नोकरी सोडून नाटकांवर लिहायला का लागला? त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. "वीस वर्षें शिकवलें रे. एका पोरानें मला 'नाहीं' म्हटलें नाहीं. जें सांगितलें तें लिहून घेतलें, परीक्षेंत परत दिलें. मी कोण्हाशीं बोलत होतों?"

त्या दिवसांत आमच्याकडे नाटकाची एक वेगळीच तऱ्हा होती. कंत्राटदार पत्र्याचा मांडव उभारायचा आणि नट ठिकठिकाणांहून वेगवेगळे बोलवायचा. देव मदुरेहून, नायिका दुसऱ्याच गावची, पेटीवाला आणखी कुठला. तालीम नाहीच. गोष्ट सगळ्यांना ठाऊक, बाकीचं रंगमंचावर पाहून घ्यायचं. त्यातला लोकांचा जीव की प्राण म्हणजे वादाचा प्रवेश. देव म्हाताऱ्याच्या रूपात येतो, माळ्यावर बसून शेत राखणाऱ्या पोरीला मागणी घालतो, ती उलट प्रश्न करते, हा उत्तर देतो, आणि दोघांपैकी कोणालाच पुढचा काय बोलणार ते माहीत नसतं. जिंकायचं मात्र शेवटी देवानेच, कारण पुढे लग्न लागायचं असतं.

हा प्रवेश अण्णांनी सहज म्हणून एकदा पाहिला आणि खुळावले. "आंत कोण्ही कोण्हाचें ऐकून घेत नाहींत," ते मला दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर थांबवून आनंदाने सांगत होते, "प्रत्येक वाक्यास 'नाहीं'!" त्याच महिन्यात त्यांनी प्रिन्सिपॉलसाहेबांकडे वर्षाची बिनपगारी रजा मागितली. साहेब गोरा होता पण भला होता. त्याला वाटलं, रायरांची प्रकृती बिघडली असेल. त्याने जागा वर्षभर रिकामी ठेवायचं कबूल केलं. वहिनींनीही वर्षाचीच मुदत दिली. त्या मला साक्षी ठेवून म्हणाल्या, "भावजी, तुम्हीं ऐकलांत. एक वर्ष नाटक, नंतर कॉलेज. लोक मला विचारतात, यजमान काय करतात म्हणोन. मी काय सांगूं? नाटक बघतात म्हणोन सांगूं?"

अण्णांची नाटक पाहायची पद्धत अशी की त्यात मी लागायचोच. मला नाटकाची आवड नाही, पहिलं गाणं संपायच्या आत मला झोप लागते. हे लक्षात आल्यापासून ते मला प्रत्येक खेळाला ओढून नेऊ लागले. मी बाकावर मान टाकून झोपायचो आणि अण्णा एक डोळा रंगमंचावर, एक डोळा माझ्यावर ठेवून बसायचे. मी दचकून उठलो की लगेच विचारत, "कां जागा झालास? गाण्यास का बोलण्यास?" त्यांच्या मते झोपलेल्या गणितज्ञाला जे उठवतं ते खरं नाटक. परीक्षणात "या ठिकाणी आमचे मित्र जागे झाले" असं वाक्य येऊ लागलं, आणि गावातले नट माझ्याकडे पाहून गाऊ लागले. एका राजपार्टवाल्याने तर युद्धाच्या प्रवेशात माझ्यासमोर येऊन तलवार आपटली. मी उठलो, पण अण्णांनी ते धरलं नाही. म्हणाले, "दणक्यास म्हैसही उठेल."

वर्ष असं मजेत सरत आलं आणि उन्हाळ्यात घोटाळा झाला. त्या मोसमात एक बाई नायिकेचं काम करायला यायच्या. आवाज असा की घाटापर्यंत ऐकू यावा. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण बोलण्यात भल्याभल्यांना पाणी पाजत. अण्णांनी त्यांच्यावर लिहिलं: गाण्यात पहिला वर्ग, वादात नापास. कारण काय, तर बाई म्हाताऱ्याला म्हणाल्या होत्या, मी राखते म्हणून पाखरं येत नाहीत आणि पाखरं येतात म्हणून मी राखते. अण्णांनी पाण्यात उभं राहून विचारलं, "पाखरं येतात का येत नाहीत? एक काय ते सांगावं." सबंध घाट हसला. दुपारपर्यंत ते हसू बाईंच्या बिऱ्हाडी पोचलं.

बाईंनी कंत्राटदाराला सांगितलं की मी नापास झालेली नटी, माझं नाव जाहिरातीत घालू नका. कंत्राटदार तडक संपादकांकडे गेला. त्याच्या नाटकांच्या जाहिराती संपादकांच्याच छापखान्यात छापल्या जात. तो म्हणाला, हा रायर लिहीत राहिला तर मी दुसरा छापखाना बघतो. संपादकांनी हात जोडले, तेव्हा त्याने तोड काढली: "इतकं कळतं तर रायरांनी स्वतः यावं. म्हाताऱ्याच्या जागी उभं राहून बाईंशी वाद करावा. टिकले तर खुशाल लिहू देत. हरले तर पोरांना शिकवायला जाऊ देत."

ही गोष्ट मीच अण्णांच्या घरी नेली, कारण त्याच दिवशी साहेबांनी मला बोलावून दुसरा निरोप दिला होता: सुटी संपते आहे, रायर सोमवारी रुजू झाले नाहीत तर जागा भरावी लागेल. दोन्ही निरोप मी एकदमच सांगून टाकले. अण्णा सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. एवढा मजेत असणारा माणूस, पण त्या क्षणी त्यांचा चेहरा मला बघवेना. लिहायला मिळालं नाही तर त्यांना कॉलेजाशिवाय गती नव्हती, आणि कॉलेजात पाऊल टाकायचं म्हणजे पुन्हा त्या मुकाट माना डोलावणाऱ्या पोरांपुढे जन्म काढायचा.

उत्तर वहिनींनी दिलं. "उभे राहा की. भय कशाचें? एवढें वर्ष दुसऱ्यांस गुण दिलांत. पण हरलांत तर सोमवारीं कोट घालोन कॉलेजास जावें. सरी?"

"सरी," अण्णांनीही तमिळमध्येच कबूल केलं. हरण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना तर नव्हताच, आम्हालाही नव्हता. गोष्टीप्रमाणे देव जिंकतोच, आणि आमचे अण्णा देव नसतानाही जिंकत.

मग काय, कंत्राटदाराने बैलगाडीवर ढोल ठेवून तीन दिवस गावात दवंडी पिटली. साक्कोट्टैपासून लोक आले. पत्र्याच्या मांडवात मुंगीला जागा नव्हती. बायकांच्या बाजूला सुवासिनी हळदकुंकू, नारळ, फुलं घेऊन बसल्या होत्या. कारण हे लग्न नाटकातलं असलं तरी देवाचं, आणि त्याच्या अक्षता टाकल्या की घरातल्या मुलींची लग्नं लवकर जमतात असा समज. त्यांत वहिनीही होत्या. वर्षभरात त्या प्रथमच मांडवात आल्या होत्या, आणि त्याही पाठ ताठ करून, कोणाशी न बोलता बसलेल्या. मला झोप आली नाही. हे मी नोंदवून ठेवतो.

अण्णा आले ते कॉलेजच्या काळ्या कोटावर पांढरी दाढी लावून. दाढीची दोरी एका कानावरून सारखी निसटत होती. लोक हसले, पण त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि मांडव कान देऊन ऐकू लागला. "पोरी, शेत कुणाचं?" बापाचं. "पाखरं कुणाची?" कुणाचीच नाहीत. "कुणाचीच नाहीत तर हाकलायचा हक्क तुला कुणी दिला?" बाईंनी माळ्यावरून खाली पाहून म्हटलं, "आजोबा, दाणा टिपायचा हक्क ज्याने त्यांना दिला, त्यानेच." टाळ्या पडल्या. हे पुढे गेले, त्या मागे हटल्या नाहीत. पण हळूहळू अण्णांनी त्यांना कोंडीत आणलं. राखणारीलाही कोणी राखावं लागतं, बाप जन्माला पुरत नाही, राखणारा निवडताना वय नव्हे शहाणपण पाहावं, आणि शहाणपण कोणाकडे जास्त हे आत्ताच सगळ्यांनी पाहिलं. तेव्हा पोरी, तू माझी झालीस. कंत्राटदाराने पडद्याआड उभ्या असलेल्या मुकुटधारी देवाला खूण केली. पेटीवाल्याने लग्नाचा सूर धरला.

बाईंनी हात वर करून पेटी थांबवली. म्हणाल्या, "आजोबा, एकच विचारते. तुम्ही वादात जिंकलात म्हणून मी तुमची झाले. कबूल. उद्या तुमच्याहून शहाणा कोणी आला आणि त्याने तुम्हाला हरवलं, तर मी त्याच्याबरोबर जाऊ ना?"

अण्णांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मी त्यांना ओळखत होतो. ते उत्तर शोधत नव्हते, उत्तर तपासत होते. तिथे दुसरा कोणीही नट असता तर काहीतरी थापा मारून, एखादं गाणं म्हणून वेळ निभावून नेली असती. पण वीस वर्षं तर्क शिकवलेल्या माणसाला खोटा मुद्दा रेटता येत नाही, मग देवाचं का काम असेना. त्यांनी दाढी काढून हातात घेतली आणि स्वच्छ तमिळमध्ये म्हणाले, "बरोबर आहे. माझ्याकडे उत्तर नाही. मी हरलो." आणि नमस्कार करून आत जायला वळले.

आता पंचाईत पाहा. देव हरला. हरलेल्या देवाचं लग्न कसं लागणार? कोणाच्या सात पिढ्यांनी हे ऐकलं नव्हतं. सुवासिनी हातात अक्षता घेऊन एकमेकींकडे बघू लागल्या. मागून कोणीतरी ओरडलं की हा अपशकुन आहे. पडद्याआडचा देव मुकुट सावरत अर्धा बाहेर आला आणि कंत्राटदाराने त्याला आत ओढला. मी बाकावर उभा राहिलो होतो. का, ते माझं मलाच ठाऊक नाही.

तेवढ्यात बाई माळ्यावरून उतरल्या. त्यांनी धावत जाऊन अण्णांच्या कोटाची बाही धरली आणि लोकांकडे वळून म्हणाल्या, "जिंकून मागणाऱ्याला मी नाही म्हटलं. पण हरलो म्हणून सांगणाऱ्याला नाही म्हणायला माझ्याकडे शब्द नाही. असा एक देवच असू शकतो. आजोबा, आता खरं रूप दाखवा." आणि लग्नासाठी ठेवलेली माळ त्यांनी अण्णांच्या गळ्यात टाकली.

मांडव डोक्यावर घेणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. पत्रे वाजत होते. अण्णा माळ घालून आत गेले, मुकुटवाला देव तीच माळ घालून बाहेर आला, लग्न लागलं, अक्षता पडल्या. त्या देवाचा चेहरा मात्र शेवटपर्यंत उष्टी माळ मिळाल्यासारखा आंबट होता. मी आत धावलो. मला वाटलं, अण्णांना धीर द्यावा लागेल. अण्णा खोक्यावर बसून डोळे पुसत होते, हसण्याने. "काय प्रश्न रे! काय प्रश्न!" एवढंच परत परत. बाई आत आल्या तेव्हा हे उठून उभे राहिले. गुण देणारा माणूस गुण घेणाऱ्यापुढे उभा राहिलेला मी तेव्हाच पाहिला. त्या लाजून म्हणाल्या, "रायर, पाखरांचं माझं चुकलंच होतं."

सोमवारी सकाळी घाटावर तीळ ठेवायला जागा नव्हती. अण्णा पाण्यात उतरले आणि बुड्या मारत त्यांनी परीक्षण सांगितलं. नायिका: वादात पहिला वर्ग, मागचे गुण रद्द. म्हाताऱ्याचं काम करणारा नवा नट: आवाज नाही, दाढी सांभाळता येत नाही, आणि हरल्यावर जिंकल्यासारखा हसतो, नापास, पुन्हा उभं करू नये. कंत्राटदार पायरीवर येऊन बसला होता. तो कळवळून म्हणाला की दर रविवारी याच, हवं तर दर रविवारी हरा. संपादकांनी तर सांगून टाकलं की हा अंक विहीर नसलेलेही विकत घेतील. पण अण्णा शब्दाचे पक्के. घरी जाऊन त्यांनी काळा कोट चढवला, पगडी घातली आणि मला म्हणाले, "चल. हरलों तें हरलों. कॉलेजास जाऊं." हसणं तोंडावर होतं, पण कोटाची बटणं लावताना हात रेंगाळत होता.

वहिनी दारात उभ्या होत्या. बाजूला झाल्या नाहीत. त्या अण्णांशी बोलल्याच नाहीत, माझ्याशी बोलल्या.

"भावजी, वीस वर्षें हे कॉलेजातून रोज जिंकोन घरीं येत होते. जिंकोन आलेल्या माणसास वाढावें, त्याचें ऐकावें, गप्प बसावें. हेंच माझें काम. काल त्या बाईनें यांस हरवलें, आणि यांणी घरीं येऊन मला विचारलें, 'तुला काय वाटलें?' लग्न होऊन एवढीं वर्षें झालीं, यांणी मला कधीं हें विचारलें नव्हतें. साहेबांस जाऊन सांगा, जागा दुसऱ्या कोण्हास द्या म्हणोन. आमचे यजमान नाटक बघतात."

अण्णा कोटाची बटणं सोडायला लागले.

कॉलेजात मी एकटाच गेलो. माणूस हरावा आणि त्याचं भलं व्हावं, हे माझ्या गणितात कुठेच बसत नव्हतं. वाटेत मी इतका हसत होतो की ओळखीचे लोक थांबून विचारत होते, आणि मी सांगत सुटलो होतो की आमचे अण्णा हरले, दोन्हीकडे हरले, आता त्यांना कोणी परत आणू शकत नाही.